पुदिना वाळवताना घाई नको

तुझा पुदिना बरणीत काळा पडला, कारण तो पुरता सुकायच्या आत तू झाकण लावलंस. पानं वरून कुरकुरीत लागतात, पण देठात ओल राहिलेली असते आणि बंद बरणीत ती परत पानांत उतरते. म्हणून पान चुरून नाही, देठ वाकवून बघ. कट्‌कन मोडला तर झालं. नुसता वाकला तर राहू दे आणखी दोन दिवस.

जुड्या लहान बांध, पाच-सहा काड्यांच्या, आणि सावलीत वारा खेळेल अशा जागी उलट्या टांग. उन्हात लवकर सुकतो खरा, पण रंग आणि वास दोन्ही जातात, मग उरतो तो निव्वळ पाला. (मीही पहिल्या वर्षी गच्चीवरच पसरला होता!)

बरणीत पानं अख्खीच भर, चुरा वापरताना कर. पहिला आठवडा रोज झाकण उघडून हलव. काचेला आतून दव दिसलं की लगेच बाहेर पसर. बुरशीचा कुबट वास आला तर मात्र निवडत बसू नकोस, सगळंच टाक.