गावाचा राग वेगळा, गुन्हा वेगळा

ठाणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आंदोलनाच्या बंदोबस्ताला उभा राहिलास म्हणून गावातच तुला फितूर म्हणतात, रात्री दाराशी येऊन धमकावतात, स्कूटरचे टायर फाडतात. होमगार्डची वर्दी उतरवू का, असं विचारलंस. उतरवू नकोस. पण गावाचा राग आणि त्या रागाआड झालेला गुन्हा यांची गल्लत होऊ देऊ नकोस.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम शेपर्ड नावाचा मिलिशियाचा, म्हणजे नागरी सैन्याचा, सेनानी होता. कर्ज आणि रोखीत मागितलेला कर यांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी १७८६ साली कोर्टंच बंद पाडली, कारण जप्तीचे हुकूम तिथून निघत. २५ जानेवारी १७८७ रोजी ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून आले. शेपर्डने आधी डोक्यांवरून तोफा डागल्या, मग थेट जमावावर. चौघे मेले. समोरचा पुढारी डॅनियल शेज स्वातंत्र्ययुद्धात त्याच्याच बाजूने लढलेला कॅप्टन! पुढे शेपर्डला लोक खुनी म्हणू लागले. त्याची कुंपणं जाळली, घोड्यांचे डोळे फोडले. मुक्या जनावरांनी काय केलं होतं?

सरकारने मात्र बहुतेक बंडखोरांना माफी दिली. फाशी झाली दोघांना, तीही घरफोडीसाठी. मला हा निवाडा फार मोलाचा वाटतो.

तुझ्या उरणात तर जखम घरचीच आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या लढ्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या रक्तावर उभी आहे. ज्या घरातून माणूस गेला, त्या घराला खाकी पाहून काय वाटत असेल, याचा विचार कर.

म्हणून शिव्या ऐकून घे. टायर आणि धमकीची मात्र पोलीस ठाण्यात तक्रार दे. धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे. स्वतः पाहिलं तेवढंच लिही. संशयावरून अख्ख्या आळीची नावं घालू नकोस. प्रत होमगार्डच्या तालुका समादेशकांना दे. पोलिसांतल्या ओळखीने कुणाला परस्पर दम देववू नकोस.

वर्दी न घालता थोरल्या काकांना घेऊन आंदोलनातल्या म्हाताऱ्यांकडे जा. जमिनीचं बोलतील, ते पुरतं ऐक. रविवारी मीही येतो. तक्रारीचा कागद आधी मला दाखव.

तुझा,
काका