उंदराला लाल रंग दिसत नाही, मग आमिष का टाळतो?

प्रश्न: उसाच्या फडाभोवती रात्री दिवे लावले, लाल-चंदेरी फिती बांधल्या. थोडे दिवस फरक वाटला, पुन्हा कांड्या कुरतडल्या. झिंक फॉस्फाईड या उंदीरनाशक विषाचे आमिष काळे दिसते म्हणून उंदीर खात नाही का?

उत्तर: काळ्या रंगाचा दोष नाही. तपकिरी उंदराच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशींपैकी सुमारे ९९ टक्के दंडपेशी असतात. त्या अंधुक उजेडात काम करतात, रंग सांगत नाहीत. उरलेल्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, एक अतिनील किरणांना आणि दुसरी हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी. लाल टिपणारी पेशीच नाही, त्यामुळे लाल फीत त्याला काळपट दिसते. बारकावे टिपणारा मधला खळगाही नसतो, म्हणून त्याची नजर आपल्या साधारण तिसाव्या हिश्श्याइतकीच तीक्ष्ण. फितीची हालचाल त्याला जाणवते, पण त्यातून इजा होत नाही हे कळले की तो सरावतो. दिव्याचा उजेड तर पाचटाखाली पोचतच नाही.

उंदीर वाट काढतो ती मिशांनी आणि वासाने, बांधाला अंग घासत. आमिष तो टाळतो कारण पहिल्या वेळी थोडेसेच खाऊन आजारी पडतो आणि ती चव, तो वास लक्षात ठेवतो. म्हणून आधी सवय लावा.

संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवा. सकाळी उकरलेली दिसतील ती जिवंत, म्हणजे वापरातली. त्यांत दोन दिवस तेल लावलेली धान्याची साधी भरड प्रत्येकी २० ग्रॅम ठेवा. तिसऱ्या दिवशी ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम खाद्यतेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड काठीने कालवून प्रत्येक बिळात १० ग्रॅमची कागदी पुडी आत सरकवा आणि तोंड बंद करा. पाणी अजिबात घालू नका, नुकत्याच भिजवलेल्या रानातही ठेवू नका. ओलाव्याने विषारी वायू सुटतो. हातमोजे, तोंडाला मास्क हवाच. या विषावर उतारा नाही, शंका आली तर डबा घेऊन थेट दवाखाना गाठा. मेलेले उंदीर खोल पुरा.

वाचलेले उंदीर हेच विष पुन्हा खात नाहीत. नंतर उकरलेल्या बिळांत ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाचे ०.००५ टक्के आमिष १५ ग्रॅम वापरा. त्याचा परिणाम काही दिवसांनी होतो, म्हणून उंदराला आमिषाचा संशय येत नाही.

फितींचा खर्च बांधांवर करा. उंदराचे डोळे बाजूला आणि वर वळलेले असतात, डोक्यावरचे आभाळ तो सतत न्याहाळतो. गवत काढलेल्या, अरुंद बांधावर तो उघडा पडतो. गहू-हरभऱ्यात घुबडांसाठी पिकापेक्षा उंच टी आकाराचे मचाण रोवा, पण विषारी आमिष चालू असताना नको, विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडही मरू शकते.

रात्री पाहणी करताना टॉर्चच्या काचेला लाल जिलेटीन कागद लावा. पांढऱ्या झोताने उंदीर पळतात, लाल उजेडात वावरत राहतात, आणि कुठल्या बिळात शिरले ते दिसते.