गोळी मीच दिली ना ताई

दादरला समुपदेशक म्हणून प्रॅक्टिस करताना एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा दारातून आत येतानाच ओळखू येतं. 'औषधाने असं झालं, पण केस वगैरे आपल्यासारख्यांनी करायची का?' म्हणून हा अनुभव लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलून, बाईंच्या परवानगीने.

लालबागच्या पन्नाशीतल्या बाई. नवऱ्याच्या चेहऱ्यात विजेसारख्या कळा यायच्या, डॉक्टरांनी कार्बामाझेपिन सुरू केलं, अकराव्या दिवशी अंगावर पुरळ, मग तोंडात फोड, मग थेट आयसीयू. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे औषधाची त्वचा, तोंड, डोळे सोलवटून काढणारी गंभीर रिअ‍ॅक्शन. माणूस वाचला, पण डोळे कोरडे पडले ते पडलेच, दर तासाला ड्रॉप्स.

पहिले दोन-तीन सेशन कायद्याचेच प्रश्न. वकील कोण, खर्च किती, 'डॉक्टरशी वैर घेतलं तर पुढे कोण बघणार यांना?' मी उत्तरं देत होते, आणि प्रत्येक उत्तरावर त्या आणखी खचत होत्या. तेव्हा विचारलं, केस नक्की कोणावर करायचीय?

बराच वेळ गप्प. मग, "गोळी मीच दिली ना ताई. रोज रात्री, माझ्या हाताने."

माझी बैठक विवेकनिष्ठ विचाराची, त्यामुळे 'तुमची चूक नाही हो' असं म्हणून मी मोकळी होत नाही. म्हटलं, पुरावा आणा. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णयच आणलं! गोळी दिली की त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण, अकरा खुणा. आणि अकराव्या चौकोनात बारीक अक्षरात, 'पुरळ. दवाखान्यात फोन. उष्णता आहे, चालू ठेवा म्हणाले.'

"हे कुणी लिहिलं?" "मीच." पुढे त्या बोलल्या नाहीत, बोट त्या चौकोनावरून हलेना. इतके महिने त्या खुणाच मोजत होत्या, फोन त्यांच्या लक्षातच नव्हता. खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं.

पुढचं सोपं होतं. साइड इफेक्ट झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही, हे आधी पचवावं लागतं. हा त्रास या गोळीचा माहीत असलेला, क्वचित होणारा धोका आहे. प्रश्न एवढाच की सांगितलं होतं का, आणि पुरळ उठल्यावर गोळी बंद का नाही केली. म्हणून आधी कागद. रेकॉर्ड लेखी अर्ज करून मागा, नियमाप्रमाणे 72 तासांत द्यायचे असतात. प्रिस्क्रिप्शन, केमिस्टचं बिल, गोळ्यांची स्ट्रिप, काहीही फेकू नका.

मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, मुदत घटनेपासून 2 वर्षं, उपचाराचे 5 लाखांपर्यंत पैसे भरले असतील तर तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत नसेल तर अशी केस सहसा उभी राहत नाही. कंपनीवरही दावा होतो, पण धोका माहितीपत्रकात छापलेला असेल तर अवघड. आणि जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते हॉस्पिटल यात येत नाही, 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून, तिथे दिवाणी कोर्ट. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, पण भरपाई तिथे मिळत नाही, हे लोक हमखास गल्लत करतात. पोलिसात धावायची घाई तर नकोच, सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या निकालापासून तिथे घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

आणि 1800-180-3024, औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायचा टोल फ्री नंबर. पैसे मिळत नाहीत, पण बाईंनी पहिला फोन तिथेच केला, माझ्यासमोर. गोळीचं नाव सांगताना अडखळल्या, तारीख मात्र धाडकन सांगितली.

केस करायची की नाही ते अजून नवरा-बायकोचं ठरत नाहीये. वकिलाने कालनिर्णयचं ते पान मागितलं होतं, त्यांनी झेरॉक्स दिली. मूळ पान दिलं नाही.