ठाण्यात बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यू) मंडळींसाठी लेखकाशी गप्पा ठेवताय?

पहिलाच कार्यक्रम ना, टेन्शन नका घेऊ, आधी तारीख नीट धरा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे त्यांचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, नवखे नेमकी शनिवार दुपारच ठरवतात. रविवार बेस्ट. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचे सण ओळीने येतात, तेव्हा कॅलेंडर बघूनच लेखकाला शब्द द्या.

- सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) आवारात असेल तर डोकं झाकायला जास्तीच्या टोप्या ठेवा
- मटण आणि दूध-दही एकत्र चालत नाही, सरळ व्हेज ठेवा
- सत्कार-बित्कार आवरता घ्या!

लेखकाला अर्धा तास पुरे, बाकी वेळ लोकांना, कारण कुणी पेणकर कुणी रोहेकर, आडनावं गावांवरूनच, मग कोकणचा विषय निघाला की आज्या माईक सोडत नाहीत आणि खरी मजा तीच. पुस्तकं विकणार असाल तर सुट्टे ठेवा.