नॉइजलेस पिकअप टाकायचे का? आधी गिटार गळ्यात घालून जागच्या जागी फिरून बघ

तुझा प्रश्न असा की स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) आणि जॅझ बेस (फेंडरचाच बेस) दोन्हीला हम, म्हणजे सततची गुंगुं, येतो, ऑर्केस्ट्राच्या प्रोग्रॅमला तर फारच आणि घरी रेकॉर्डिंगलाही, दुकानदार म्हणतोय दोन्हीला नॉइजलेस पिकअप (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून सिग्नल बनवणारा भाग) टाकून मोकळा हो, आणि इथे वर मंडळी म्हणतायत अजिबात टाकू नको, टोन मरतो. मला विचारशील तर बेसला बिनधास्त टाक आणि स्ट्रॅटला घाई करू नको. पण त्याच्याही आधी हम नक्की कुठून येतोय ते शोध, कारण नॉइजलेस पिकअप एकाच प्रकारचा आवाज घालवतो आणि बाकीच्यासाठी घातलेले पैसे पाण्यात जातात.

तर असं कर. अँप चालू कर, गेन थोडा चढव, स्ट्रॅटच्या तीन पिकअपपैकी (नेक, मिडल, ब्रिज) नुसता नेक, म्हणजे मानेजवळचा, ठेव. तारांना हात न लावता ऐक, मग तारांवर तळवा ठेव. आवाज एकदम खाली आला तर तो बझ, म्हणजे खोलीतल्या वायरिंगचं इलेक्ट्रिक फील्ड तुझ्या अंगावाटे आणि गिटारच्या आतल्या उघड्या वायरींवाटे शिरतंय, त्याला उपाय शील्डिंग. आता तारा तशाच धरून ठेव आणि सावकाश गोल फिर. एका दिशेला आवाज फुगतो आणि काटकोनात वळलं की जवळपास गायब होतो असं झालं तर तो खरा हम, चुंबकीय फील्डमधून पिकअपच्या कॉइलमध्ये (वायरच्या वेटोळ्यात) शिरलेला, आणि फक्त हाच नॉइजलेसने जातो. शेवटी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ने, तरी आवाज राहिला तर पिकअपला दोष देऊच नको, अँप, पेडल, पॉवर सप्लाय, केबल हे बघ.

शील्डिंग केलं तरी हम जात नाही म्हणून लोक वैतागतात, पण तो जाणारच नसतो. तांब्याची फॉइल किंवा काळा कंडक्टिव्ह पेंट इलेक्ट्रिक फील्ड अडवतो, पन्नास हर्ट्झचं चुंबकीय फील्ड त्यातून आरपार जातं. सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच कॉइलच्या साध्या पिकअपमध्ये, केसासारख्या बारीक वायरचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात, जवळ ट्रान्सफॉर्मर असला की त्यात करंट उठणारच. आपल्याकडे मेन्स 50 हर्ट्झ, त्यामुळे हमचा मूळ सूर बेसच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी लागतो जवळपास तोच, वाजवून बघ, लगेच कळेल. अमेरिकेत 60 हर्ट्झ, तिथला हम सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या मध्ये कुठेतरी येतो, म्हणून तिकडच्या डेमोतला हम वेगळ्या सुरात ऐकू येतो. वर 100, 150 असे वरचे सूर असतातच. बेसवाल्याची पंचाईत अशी की हम बरोब्बर त्याच्याच पट्टीत बसतो, ईक्यूने, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी करून, कापायला गेलास तर बेसही कापला जातो.

यावरची युक्ती फार जुनी आहे. दोन कॉइल घ्यायच्या, एकीचं वाइंडिंग आणि चुंबक दोन्ही उलटे. बाहेरचा हम दोघींत सारखाच शिरतो पण एकीत उलटा, म्हणून वजा होतो, आणि तारेचा सिग्नल दोनदा उलटल्यामुळे बेरजेत जातो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने 1955 मध्ये हे हंबकर या दोन कॉइलच्या पिकअपसाठी केलं. आजच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मिडल पिकअप असाच उलटा असतो, त्यामुळे पिकअप निवडायचा पाच-वे स्विच दोन आणि चार नंबरवर असला की, म्हणजे मिडल शेजारच्या पिकअपबरोबर चालतो तेव्हा, हम गायब होतो. तुझ्या गिटारमध्ये तसा आहे का ते त्याच फिरण्याच्या टेस्टने कळेल. नसेल तर फक्त तसा एक मिडल पिकअप घे, पाचपैकी दोन पोझिशन फुकटात शांत झाल्या आणि टोन जवळपास तोच राहिला.

आता नॉइजलेस म्हणजे काय तर हीच दोन कॉइलची युक्ती सिंगल कॉइलच्या मापात बसवायची, आणि ती बसवताना जे गमावतो त्यावरच सगळी भांडणं चालतात. सर्वात जास्त दिसतो तो स्टॅक, एक कॉइल वर आणि एक खाली. खालची तारेपासून लांब असते त्यामुळे तिचं काम मुख्यतः हम पकडून वजा करणं, पण ती थोडा तारेचा सिग्नलही पकडते आणि तोही वजा होतो, शिवाय वायर वाढल्यामुळे पिकअपचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा होणारा विरोध) वाढतो. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला आपण स्ट्रॅटचा खणखणीतपणा म्हणतो तो बराचसा पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) मिळून एका फ्रिक्वेन्सीला जो उंचवटा तयार करतात त्यात असतो. हिशोब करून बघ, जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स साधारण 2.4 हेन्री धर, पाच मीटर केबल आणि पिकअप मिळून 620 पिकोफॅरॅड धर, उंचवटा येतो सुमारे 4.1 किलोहर्ट्झला. तेच इंडक्टन्स 4 हेन्री झाला तर 3.2 किलोहर्ट्झ. टोन मेला वगैरे काही नाही, उंचवटा खाली सरकला एवढंच, पण कानाला ते "वरची हवा गेली" असंच लागतं. यातून एक स्वस्त उपाय पण निघतो, नॉइजलेस टाकल्यावर आवाज दबका वाटला तर आधी केबल छोटी किंवा कमी कपॅसिटन्सची लावून बघ, आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा रेझिस्टर) कितीचा लावायचा ते कंपनीच्या कागदावर वाच. साध्या सिंगल कॉइलला 250 के (किलोओहम) पॉट ही सवय आहे, नॉइजलेसला सगळीकडे तोच बरोबर असेल असं नाही.

सगळे स्टॅक एकसारखे नसतात हेही आहेच. वरची आणि खालची कॉइल एकमेकींपासून चुंबकीयदृष्ट्या वेगळ्या ठेवायच्या म्हणजे खालची कमी सिग्नल खाते, या एका गोष्टीवर किनमन, डिमार्झिओ या कंपन्यांनी भरपूर डोकं लावलंय आणि चांगल्या स्टॅकमध्ये फरक इतका कमी असतो की बँडमध्ये वाजवताना मला तरी सांगता येणार नाही. स्वस्तातले स्टॅक मात्र खरंच मेलेले वाटतात. दुसरा प्रकार रेल, दोन पातळ पट्ट्या शेजारी शेजारी, हॉट रेल्स वगैरे, तो सिंगल कॉइलच्या मापातला हंबकरच, आवाजही तसाच जाड, स्ट्रॅटचा आवाज हवा म्हणून हे घेऊ नको. ईएमजी कंपनीचे अॅक्टिव्ह एसए हे वेगळंच प्रकरण, बॅटरी लागते.

आणि "मोठे लोक नॉइजलेस वापरत नाहीत" हे जे वर कुणीतरी लिहिलंय ते खरं नाही. एरिक क्लॅप्टनच्या 1988 च्या सिग्नेचर स्ट्रॅटमध्ये लेस सेन्सर नावाचे नॉइजलेस पिकअप होते, नंतर त्याच मॉडेलमध्ये फेंडरचे व्हिंटेज नॉइजलेस आले, डेव्हिड गिल्मरच्या लाल स्ट्रॅटमध्ये ईएमजी एसए होते. मोठ्या स्टेजवर लाइटचा लवाजमा घेऊन फिरणारी ही माणसं, त्यांना हमची कटकट आपल्यापेक्षा जास्त.

बेसला बिनधास्त टाक म्हणालो त्याचं कारण. फेंडरचाच प्रिसिजन बेस असता तर काही करायचीच गरज नव्हती, 1957 पासून त्याचा पिकअप दोन तुकड्यांचा आहे, दोन तारांना एक तुकडा, आणि तो मुळातच हम कापतो (प्रिसिजनला नॉइजलेस पिकअप शोधणारे लोक मी पाहिलेत, काय बोलणार). जॅझ बेस 1960 चा, त्यात दोन सिंगल कॉइल, एकमेकांना उलटे, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की हम कापला जातो आणि एक जरासा खाली केला की परत हजर. तू ब्रिज पिकअप एकटा वाजवतोस म्हणालास, बेसवादक जॅको पॅस्टोरियसच्या नादाने बहुतेक सगळेच वाजवतात, तिथे हम येणार हे ठरलेलंच. जॅझ बेससाठी जे आडवे स्प्लिट येतात, म्हणजे एकाच कव्हरमध्ये शेजारी दोन छोट्या कॉइल, एक ई-ए तारांसाठी आणि दुसरी डी-जी तारांसाठी, ते घे. यात प्रत्येक तार एकाच जागी एकाच कॉइलवर ऐकली जाते, स्टॅकसारखी वजाबाकी नाही, त्यामुळे आवाज सिंगल कॉइलच्या खूप जवळ राहतो. नॉर्डस्ट्रँड, फ्रालिन या कंपन्यांचे असे आहेत. गिटारवर तार खेचताना दोन कॉइलच्या मधल्या फटीवर आवाज पडू शकतो, बेसवर कोण एवढी तार खेचतंय. शिवाय वरच्या उंचवट्याचा जो मुद्दा मी स्ट्रॅटसाठी एवढा ताणला, तो बेसला ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) नसलेल्या कॅबिनेटमधून फारसा ऐकू येत नाही.

मात्र इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. जोडीतला एकच बदलू नको. ब्रिजला नॉइजलेस आणि नेकला जुना ठेवलास तर आधी दोन्ही उघडल्यावर जो हम कापला जायचा तो आता कापला जाणार नाही, कारण समोर उलटा हम देणारा कुणी उरलाच नाही. स्ट्रॅटचंही तसंच, फक्त ब्रिजला नॉइजलेस टाकलास तर दोन नंबरची पोझिशन, जी आधी शांत होती, ती हम करायला लागेल. लोक मग म्हणतात नवीन पिकअप खराब निघाला.

प्रोग्रॅममधल्या हमचं म्हणशील तर अर्धं उत्तर पिकअपमध्ये नाहीच. लाइटचे डिमर मेन्सची लाट कापतात आणि त्यातून जी करकर येते ती नुसता 50 हर्ट्झचा हम नसते, वरपर्यंत पसरलेली असते. साउंडवाल्याला सांग, साउंड आणि लाइटचा सप्लाय वेगळ्या फेजवर घे, तो हो म्हणेल आणि करणार नाही, पण मागे लागलास तर करतो. स्वतः अँपपासून दोन-तीन पावलं लांब उभा राहा, गाणं सुरू व्हायच्या आधी कुठल्या कोनात आवाज कमी येतो ते बघून तिथे पाय रोव. आणि काहीही झालं तरी हम घालवायला प्लगची आर्थिंगची पिन काढू नको. काही जण सर्रास करतात. एका हाताने तारा धरलेल्या आणि ओठ माइकला लागले की शॉक बसतो, मंडपात जनरेटरवर आर्थिंगची बोंब असली की तर जिवावरच बेतू शकतं. ग्राउंड लूप (दोन उपकरणं दोन वाटांनी आर्थ झाल्याने येणारा हम) असेल तर त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय (गिटार मिक्सरला जोडायचा डबा) घे.

घरचं सोपं आहे. रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव, निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच संपतो. जुनी चोकवाली ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करून ऐक. खुर्ची फिरवून शांत कोन शोध आणि टेक घे, स्टुडिओतही हेच करतात. नॉइज गेट दोन फ्रेजच्या मधली शांतता साफ करतो, वाजत असताना हम सुराखाली असतोच, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नको.

म्हणून स्ट्रॅटला माझ्या मते आत्ता शील्डिंग कर, मिडल उलटा नसेल तर तो बदल, एवढ्यावर एक सीझन काढ. क्लीन आणि हलक्या क्रंचवर (थोड्या फाटलेल्या आवाजावर) वाजवणाऱ्याला पुरतं. तरी नेक किंवा ब्रिज एकटा, भरपूर गेनवर, असंच वाजवावं लागत असेल तर मग तिन्हीचा सेट घे, चांगल्या कंपनीचा. किंवा आणखी एक रस्ता आहे, डमी कॉइल, म्हणजे पिकअप तुझे जुनेच राहतात आणि फक्त हम पकडणारी वेगळी कॉइल मागच्या झाकणाच्या जागी बसते, Suhr आणि Ilitch या कंपन्यांच्या नावांनी शोध, हे काम मात्र नीट जमणाऱ्याकडूनच करून घे. जे काढशील ते जुने पिकअप विकू नको, डबीत ठेव.

बेसचे पिकअप मागवायच्या आधी दोन्ही कव्हरची लांबी मोज. जॅझ बेसचा ब्रिज पिकअप नेकपेक्षा किंचित लांब असतो पण काही मॉडेल्समध्ये दोन्ही एकाच मापाचे येतात, आणि चुकीचा आला तर लाकूड कोरत बसावं लागतं. मिलिमीटरमध्ये मोजून इथे टाक आणि फिरण्याच्या टेस्टमध्ये काय ऐकू आलं तेही लिही, मग कुठला सेट घ्यायचा ते सांगतो.