घराचं आरसीसी झालंय, विटांचं काम चालू आहे. फरशी, बाथरूम, ओटा, रंग कधी आणि कोणत्या क्रमाने ठरवायचे? ठेकेदार म्हणतो, प्लॅस्टरनंतर बघू.

रंगाच्या बाबतीत तुमचा ठेकेदार बरोबर आहे. बाकीच्या गोष्टी प्लॅस्टरनंतर ठरवल्या तर तोडफोड होणार किंवा तडजोड करावी लागणार, कारण प्रत्येक फिनिशला जाडी असते आणि ती जाडी चौकटीत, जिन्यात, पाइपांत, ओट्याच्या उंचीत शिरते. म्हणून मी क्रम असा सांगेन: आधी जाडी, मग मॉडेल, शेड सगळ्यात शेवटी. ‘हॉलमध्ये १० मिमीची व्हिट्रिफाइड टाईल’ एवढं आज ठरलं तरी पुष्कळ झालं. ती पांढरी की करडी, याचा वाद घरात दोन महिने चालू द्या.

सुरुवात फरशीपासून करा. १० मिमीची टाईल सिमेंट-वाळूच्या मालावर बसवली तर स्लॅबपासून साधारण ४५ ते ५० मिमी जातात. १८-२० मिमीचा दगड असेल तर ५५ ते ६०. तीच टाईल अॅडेसिव्हवर बसवली तर १५ मिमीत काम होतं, पण त्यासाठी खालचा पृष्ठभाग २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त वरखाली नको. ओतलेला स्लॅब सहसा इतका सपाट नसतो, त्यामुळे आधी कोबा करावा लागतो आणि वाचलेली जाडी त्यात जाते. लाकडी लॅमिनेट फोमसकट १० मिमीच्या आसपास. हॉलला दगड आणि बेडरूमला लॅमिनेट असं ठरलं, तर बेडरूमच्या कोब्यात ४५-५० मिमी आधीच भरून घ्यायला हवेत. नाहीतर दारात पायरी तयार होते.

सगळ्या खोल्यांची तयार पातळी ठरली की लेझरने किंवा लेव्हल पाइपने तिच्या वर बरोबर १ मीटरवर प्रत्येक भिंतीवर रेघ मारून घ्या. चौकट, खिडकीची सिल, स्विचबोर्ड, ओटा, सगळ्यांचं माप त्या रेघेवरून. गवंड्याने स्लॅबवरून आणि सुताराने फरशीवरून माप घेतलं की गोंधळ झालाच म्हणून समजा.

जिन्याकडे फार कमी लोक बघतात. समजा सगळ्या कच्च्या पायऱ्या १६० मिमीच्या आहेत, पायरीवर दगड आणि माल मिळून ४० मिमी येणार आणि दोन्ही मजल्यांच्या फरशीला ६० मिमी लागणार. मग पहिली पायरी होते १४० ची, मधल्या १६० च्याच राहतात आणि शेवटची १८० ची. पायाला एकदा उंचीची सवय झाली की २० मिमीचा फरकही ठेच लावतो, उतरताना तर जास्तच. जिना अजून ओतायचा असेल तर पहिली कच्ची पायरी १८० ची आणि शेवटची १४० ची ठेवायला सांगा. ओतून झाला असेल तर पायऱ्यांवरचा माल कमीजास्त करून उंची शक्य तितकी सारखी करून घ्या.

आता बाथरूम. इथे मात्र मॉडेलसुद्धा आत्ताच ठरवावं लागतं. कमोडच्या आउटलेटचं अंतर कंपनी तयार भिंतीपासून देते, म्हणजे टाईल लागल्यानंतरच्या. प्लंबर विटेपासून मोजतो. मधे प्लॅस्टर १२-१५, अॅडेसिव्ह ५ आणि टाईल ८-१०, असे २५ ते ३० मिमी असतात आणि कमोड तेवढ्यानेच बसत नाही. कन्सील्ड डायव्हर्टरचंही, म्हणजे शॉवर-नळाकडे पाणी वळवणाऱ्या, भिंतीत लपवलेल्या व्हॉल्व्हचंही तसंच. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात, तयार टाईलचा पृष्ठभाग त्या दोन्हींच्या मधे यायला हवा. डायव्हर्टर जास्त आत गेला तर दांडी वाढवण्याचा जोड शोधत फिरावं लागतं, बाहेर राहिला तर वरची चकती भिंतीला टेकत नाही. म्हणून डायव्हर्टरची बॉडी विकत घेऊन साइटवर आणा आणि मगच झिरी मारू द्या. चकती, हँडल, शॉवर नंतर आले तरी चालतात.

पुढचा क्रम मोडू नका. पाइप बसवले की प्लॅस्टरच्या आधी दाबाखाली तपासायचे. स्लॅबमधून पाइप जातो तिथली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या मसाल्याने) भरायची, भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा गोलसर करायचा, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. हा थर भिंतीवर किमान ३०० मिमी आणि शॉवरच्या भागात १८०० मिमीपर्यंत चढवा. तो वाळल्यावर ५० मिमी पाणी भरून ठेवा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि ४८ ते ७२ तास खालच्या छताकडे लक्ष ठेवा. थोडं पाणी उडून जातं, पण खालचा स्लॅब ओला दिसला तर टाईलवाल्याला बोलावूच नका. ही चाचणी पास झाल्यावर कोणी ‘एक छोटं भोक राहिलंय’ म्हणत ड्रिल घेऊन आला, तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

उतार १०० ला १ ते ८० ला १ ठेवा. दीड मीटरच्या शॉवरला हा १५ ते १९ मिमी होतो. मोठी टाईल चारही बाजूंनी जाळीकडे उतरू शकत नाही, ती कापावीच लागते. मोठीच हवी असेल तर एका भिंतीलगत लांब पट्टीची जाळी घ्या, म्हणजे उतार एकाच दिशेने राहतो. बाथरूमची तयार फरशी बाहेरच्यापेक्षा १०-१५ मिमी खाली असू द्या. टाईल मॅट आणि घसरण कमी असलेली घ्या: साध्या बाथरूमला आर-१०, शॉवरमध्ये आर-११ मिळाली तर उत्तम. भिंतीची सगळ्यात खालची ओळ फरशीनंतर लावा, म्हणजे ती फरशीच्या वर बसते आणि भिंतीवरून आलेलं पाणी सांध्यात शिरत नाही.

टाईल किती मागवायची? ४.४ बाय ३.५ मीटरची खोली म्हणजे १५.४ चौरस मीटर. ६०० बाय १२०० ची एक टाईल ०.७२ चौरस मीटर. दहा टक्के कापणीला धरले तर २३.५, म्हणजे २४ टाईल. तिरकी मांडणी असेल तर थोडी जास्त धरा, हेरिंगबोनला (माशाच्या काट्यासारख्या मांडणीला) १५ टक्के. पण आकड्याआधी कागदावर मांडणी काढा. ४.४ मीटरच्या बाजूला ६०० च्या सात पूर्ण टाईल लावल्या तर टोकाला २०० मिमीची पट्टी उरते आणि कायम डोळ्यात खुपते. त्याऐवजी मधे सहा पूर्ण आणि दोन्ही टोकांना ४००-४०० चे तुकडे चांगले दिसतात. लांब टाईल विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावू नका. ती मधोमध किंचित फुगीर असते आणि शेजारचा सांधा नेमका तिथे आला की कडा वर दिसते. एक तृतीयांश सरकवा किंवा सरळ रेषेत लावा. सांधा किमान २ मिमी, ‘जॉइंटलेस’च्या मोहात पडू नका. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि शेडचे आहेत का ते गाडी रिकामी होताना बघा. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने ठोकून पोकळ आवाज ऐका, कोपरे विशेषतः. एकदा ग्राउट भरलं की टाईलवाला परत येत नाही.

ओट्याची उंची: उभं राहून कोपर जमिनीपासून किती वर येतं ते मोजा आणि त्यातून १०० ते १५० मिमी वजा करा. बहुतेकांना ८५० ते ९०० मिमी येते. जो रोज स्वयंपाक करतो त्याचं माप घ्या, नकाशा काढणाऱ्याचं नको. हॉब (ओट्यात बसणारी शेगडी) आणि सिंक प्रत्यक्ष आल्याशिवाय दगड कापायला देऊ नका, कॅटलॉगमधल्या कटआउटवर विसंबू नका. दगड निवडताना नमुन्यावर तेल, चहा आणि लिंबाचा रस रात्रभर ठेवून बघा. संगमरवराची चमक आम्लाने जाते आणि तो डाग पुसून निघत नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. ग्रॅनाइटला लिंबाचं आम्ल सहसा काही करत नाही. क्वार्ट्झ या कारखान्यात बनवलेल्या दगडात रेझिन असतं, त्यामुळे तापलेलं भांडं थेट ठेवलं तर खूण पडू शकते. ओट्याची कड कपाटापेक्षा २५ मिमी बाहेर ठेवा आणि खालून पाणी तोडणारी खाच मारून घ्या. ही खाच नसेल तर ओघळ थेट शटरवर, म्हणजे कपाटाच्या दारावर येतो. सिंकखालच्या कपाटाला उकळत्या पाण्यातही न सुटणारा, बीडब्ल्यूपी ग्रेडचा प्लायवूडच हवा. आणि लॅमिनेट दोन्ही बाजूंना लावून घ्या, एकाच बाजूला लावलेलं शटर वाकतं.

आता रंग, ज्यात सगळ्यांचा उत्साह जातो आणि जो चुकला तर सगळ्यात स्वस्तात बदलता येतो. त्याचं यश प्लॅस्टरवर अवलंबून आहे. कॉलम-बीम आणि वीटकाम मिळतात तिथे २००-३०० मिमी रुंद जाळी लावल्याशिवाय प्लॅस्टर करू देऊ नका, भेग नेमकी त्याच रेषेत येते. सात दिवस पाणी मारा, मग किमान चार आठवडे भिंत सुकू द्या. ओल्या भिंतीवरची पुट्टी फुगते, लोणा बाहेर येतो आणि दोष मात्र रंगाच्या कंपनीला दिला जातो. पुट्टी सगळे हात मिळून ३ मिमीपर्यंतच, वाकडी भिंत सरळ करायचं ते साधन नाही. शेवटच्या घासकामाआधी रात्री भिंतीलगत तिरका दिवा धरा, दिवसा न दिसणारे सगळे खड्डे दिसतील. भिंत अगदी सपाट नसेल तर मॅट घ्या, चमकदार रंग प्रत्येक उंचवटा उघडा पाडतो. शेड कार्डावरून पक्की करू नका. दोन बाय दोन फुटांच्या बोर्डावर दोन हात मारून तो त्या खोलीत सकाळी, संध्याकाळी आणि तुम्ही लावणार त्याच दिव्याखाली बघा. ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात करडा रंग वेगळाच दिसतो आणि ६५०० च्या पांढऱ्या दिव्यात निळसर मारतो. शेवटचा हात सुतारकाम आणि विजेचं फिटिंग संपल्यावर.

ठेकेदाराशी हे सगळं एका तक्त्यात लिहून घ्या: खोली, फिनिश, जाडी, कोण आणणार, कोणत्या तारखेपर्यंत. दरात स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), कापणीची नासाडी, ग्राउट आणि कड घासणं धरलंय का, हे वेगवेगळं विचारा. ‘सगळं धरलंय’ हे उत्तर घेऊ नका. आणि प्लॅस्टर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, पाइप आणि वायरिंगच्या झिऱ्यांसकट फोटो काढून ठेवा.