झेनिथ, ॲझिमथ आणि नादिर (नादिरशहाचा नव्हे)

टेलिस्कोपच्या ॲपमध्ये झेनिथ, ॲझिमथ, नादिर हे शब्द दिसले, यातला नादिर नादिरशहाचाच का, असं विचारलंय. नाही हो, तो वेगळा. नादिरशहाचा नादिर म्हणजे दुर्मीळ. आकाशातला नादिर, म्हणजे पायाखाली सरळ खाली गेलं की येणारा बिंदू, तो आलाय अरबी 'नझीर'वरून. अर्थ समोरचा, जोडीचा. बेनझीर म्हणजे जिला जोड नाही ती, त्यातला नझीर हाच! मूळ धातू 'पाहणे'चा, त्यामुळे आपली नजर आणि कोर्टातला नाझर याचे सख्खे भाऊबंद (नजराणा मात्र नाही, तो नवसाच्या धातूतला, फसू नका). त्या मधल्या अक्षराचा फारसीत झ होतो आणि आपल्याकडे हे शब्द फारसीतून आले, लॅटिनवाल्यांनी थेट अरबीतून घेताना तिथे द लिहिला, म्हणून नातं चटकन ओळखू येत नाही.

झेनिथची, म्हणजे बरोब्बर डोक्यावरच्या आकाशातल्या बिंदूची, गंमत याहून भारी आहे. अरबीत 'सम्त अर-रास' म्हणजे डोक्यावरची वाट. रास म्हणजे डोकं, दुबईजवळच्या रास अल खैमामधलं, आपल्या रईसमधलंही. युरोपात गेल्यावर रास गळालं आणि उरलेल्या सम्तमधल्या म चा 'नि' झाला. कारण तेव्हाच्या हस्ताक्षरात एम म्हणजे तीन उभ्या काड्या आणि एन-आय जोडून लिहिलं तरी तीनच काड्या, आयवर टिंब देतीलच याचा भरवसा नाही. आपल्याकडे ख चा रव वाचला की खाना रवाना होतो ना, तसलाच प्रकार. ती चूक मग कोणी दुरुस्तच केली नाही.

आणि ॲझिमथ? उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन. तोही सम्तच, फक्त अनेकवचनात, 'अस-सुमूत', दिशा. गझलांमधला 'सिम्त' आठवा. म्हणजे एकाच शब्दाचं एक रूप म शाबूत ठेवून आलं, दुसरं म गमावून. इंग्रज कवी चॉसरने 1391च्या सुमारास आपल्या लहान मुलासाठी ॲस्ट्रोलेबवर (ग्रहताऱ्यांच्या जागा मोजायचं जुनं उपकरण) पुस्तक लिहिलं त्यात हे तिन्ही शब्द सापडतात, पण त्याचा नादिर पायाखालचा नाही, तो 'सूर्याचा नादिर' म्हणतो, राशिचक्रात सूर्याच्या बरोब्बर समोरचा अंश. मूळ अरबी अर्थाला धरूनच की!

मराठीत झेनिथला खस्वस्तिक, नादिरला अधःस्वस्तिक आणि ॲझिमथला दिगंश हे शब्द आहेत. दिगंश मला आवडतो, पण आकाशदर्शनाला गेलात तर खस्वस्तिक म्हणणारा क्वचितच भेटेल, सगळे झेनिथच म्हणतात.